लांब खांदलेली समाधी

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी. उदगीरला माझं डाळीचं दुकान आहे. भुतापेक्षा तुरीतल्या किड्याची मला जास्त भीती. त्यामुळं हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतंय...

आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गावाकडून फोन आला, तेव्हा ती काही बोलायच्या आतच मी म्हणालो, "अगं हो, डाळ उद्या पाठवतो!"

 मग ती म्हणाली, "शिवा गेला रे."

शिवा तिचा एकुलता एक. फौजेत होता. सीमेवर लढाई पेटलेली, टीव्हीवर आम्ही रोज बघत होतो, पण त्यात आपलं कुणी असेल असं वाटतच नाही. सुट्टीवर येताना तो माझ्यासाठी लोकरीची टोपी आणायचा. आमच्या उन्हात ती घालून मी दुकानात बसायचो, आणि तो पोट धरून हसायचा.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. आक्काचं एकच म्हणणं – "त्याला त्याच्या बापासारखं बसवायचं. लिंग मी माझ्या हातानं ठेवणार."

मी गावी पोचलो, आक्काच्या शेतावरच्या गड्याला, मारुतीला, चौकोनी, खोल खड्डा खांदायला सांगितलं आणि बायकोला घेऊन विभूती, हार आणायला उदगीरला गेलो.

दुपारी परतलो, तर खड्डा लांबोडका!

"मारुती, अरे काय करून ठेवलास हे?"

"अण्णा, तुम्हीच तर येऊन सांगून गेलाव. 'लांब खांद, त्याला बसवता येणार न्हाई' म्हणलाव की."

"मी? मी उदगीरात होतो!"

बराच ओरडलो. पण नव्यानं खांदायला वेळ नव्हता. शिवाला घेऊन फौजेची गाडी वेशीत आली होती.

सोबत आलेल्या सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "पेटी मत खुलवाइए. बिठाना नहीं हो पाएगा."

मी मान हलवली. रडू नाही, काही नाही... हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. एवढंच कळत होतं, की हे आता आक्काला मला सांगायचंय.

आक्का घरात बायकांमध्ये बसलेली, लिंग मुठीत. मी समोर बसलो. "आक्का, ती पेटी..." एवढंच म्हणालो.

तीच म्हणाली, "कितीदा सांगतूस? मघाशी सांगून गेलास की."

"काय सांगितलं?"

"'पेटी उघडा म्हणू नको. त्यो लई थकलाय, निजूनच जाऊ दे.' मग माझ्या पायावर डोकं टेकवलास, अन् गेलास."

तिनं हट्ट केला नाही. लिंग पेटीवर ठेवलं, त्यावर तळहात ठेवून जरा वेळ उभी राहिली, मग बाजूला झाली. पेटी सरळ उतरली.

मारुती दारू पीत नाही. आक्काशेजारच्या दोघींनीही मला पाहिलं म्हणे. आणि त्या वेळी मी उदगीरात, लाज वाटते सांगायला, हारवाल्याशी घासाघीस करत होतो. बायको शेजारीच उभी होती. कुणाला पाहिलं त्यांनी? मला आजही सांगता येत नाही.

बरेच दिवस गेले. मग एकदा बायको ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ते तुम्ही नव्हताच. तुम्ही असता, तर आधी स्वतःच रडत बसला असता, अन् आक्कांनाच तुमची समजूत काढावी लागली असती."