शिंदेमामांचा शाफ्ट

जुनी गाडी जिवंत करणं ही तपश्चर्या असते. माझी तपश्चर्या म्हणजे भोसरीत शिंदेमामांच्या वर्कशॉपमध्ये लेथशेजारी स्टुलावर बसून चहा पिणं. लेथवर धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की अजून तेच आठवतं.

माझ्या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या वॉटर पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, जपानातही मिळेना. झिजलेला तुकडा मोजून मामा म्हणाले, “जपान्यालाबी हात दोनच असत्यात ना, राव?” तीन रविवार खपून त्यांनी नवा घडवला. तो टिकला नसता, तर गाडी भंगारात गेली असती.

पहिल्या फेरीला मामांना शेजारी बसवून निघालो, तर चाकणच्या रस्त्यावर कांद्याचा ट्रक आडवा होऊन रस्ता अडला. तेव्हा चिडलो, आज त्या ट्रकचा ऋणी आहे, कारण त्या कोंडीत मामा तासभर शेजारी बसले. डोळे मिटून ते इंजिन ऐकत होते, असं मी सगळ्यांना सांगतो.

ते घोरत होते.