साळूबाईंच्या मापाची खुर्ची

कोंडिबा सुतार माप घ्यायला आले ते टेप न घेताच. केंदूरमध्ये त्यांनी उभा जन्म तिफणी, बैलगाड्या आणि चौकटी घडवण्यात घालवला. आता दारंसुद्धा शिरूरहून तयार येतात. गावाला कोंडिबा आठवतात ते कुदळीचा दांडा मोडल्यावर. प्रतिभानंही त्यांना बोलावलं होतं ते नाइलाजानंच.

चार महिन्यांपूर्वी तिच्या सासूबाई, साळूबाई, ओट्यावरून पडल्या आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. एकदा बसल्या की उठवायला माणूस हवं. जन्मभर कुणाचा आधार न घेतलेल्या बाईच्या ते जिव्हारी लागलं होतं. प्रतिभानं हौसेनं दुकानातून गुबगुबीत खुर्ची आणली, तर म्हातारी तिच्यात अशी रुतली की बाहेर काढायला दोघं लागले.

"आक्का, उठा बरं," कोंडिबा म्हणाले आणि भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. उठा, बसा, परत उठा. प्रतिभा धरायला गेली की हातानंच तिला थांबवायचे. सकाळ अशीच गेली. शेवटी सुतळीला पाच गाठी मारून, चहा पिऊन ते निघाले. ही कसली मोजणी, म्हणून प्रतिभा मनात चरफडली.

आठ दिवसांनी बाभळीची खुर्ची आली. बैठक उंच, आणि डावा हात उजव्यापेक्षा चार बोटं वर, पुढं आलेला.

"आबा, ही वाकडी झालीय," प्रतिभा म्हणाली.

"व्हय. आक्काबी वाकड्याच उठत्यात. उजवा गुडघा धरतुया, मंग समदा भार डाव्या हातावर. दुकानातल्या खुर्चीनं आक्कास्नी कवा बघितलंय?"

साळूबाई बसल्या. डाव्या हातानं खुर्चीचा उंच हात धरला, खांदा पुढं टाकला आणि उठल्या. कुणीही धरलं नव्हतं. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. रोज दहादा प्रतिभा सासूला उचलत होती, पण त्या उठतात कशा हे तिला ठाऊक नव्हतं. या माणसानं ते एका सकाळीत हेरून लाकडात उतरवलं होतं. कोंडिबा मात्र खाली वाकून, खुर्चीचा पाय फरशीवर डुगडुगतो का ते बघत होते.

"प्रतिभा, तांब्याभर पानी दी," साळूबाई उभ्यानंच म्हणाल्या.

अख्खा तांब्या त्यांनी घटाघटा संपवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"चार म्हयने घोटघोटच पीत हुते गं. मोरीकडं न्यायला तुला सारखी हाक मारायची लाज वाटायची."