माझ्याच घराचा फॉर्म

वेल्ह्याच्या बैठकीत हल्ली मला पुढं बोलवतात. आशाताई, तुमच्या घरचा अनुभव सांगा. मी उभी राहते, धाकटी जाऊ औषधानं कशी बरी झाली ते सांगते, टाळ्या पडतात. त्यातलं अर्धं गिळते मी. आज लिहूनच टाकते.

तोरण्याच्या अंगाला आमचं गाव, आणि गावची आशा सेविका म्हणून घरोघर फिरून आजारपण विचारायचं काम माझं. त्या वर्षी मनाच्या आजाराचे फॉर्म आले. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का. सोबत पत्रकं होती, भोरच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते सांगणारी. बाया हसायच्या, "येड्यांचा डॉक्टर!" मग मी चांगली झापायची. "ताप येतो तसं हे बी येतं. त्यात लाज कसली गं?"

आणि स्वतःच्या घरचा फॉर्म? तो पडवीत बसून, कुणाला एक शब्द न विचारता भरला. सगळ्या रकान्यांत एकच शब्द, निरंक. सरकारी कागदावर 'काही नाही'ला निरंक म्हणतात. लई सोयीचा शब्द!

जाऊ तेव्हा आत चुलीपुढं बसली होती. बाळंत होऊन पाच महिने झालेले. लेकरू रडायचं नि ही भिंतीकडं बघायची. दूध उतू जायचं, हिला पत्ता नाही. कामं टाळायची सोंगं आहेत, असं मी चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं. पण खरं सांगू? आतून मला कळत होतं. आशाच्याच घरात असलं निघालं तर गावात माझं कोण ऐकेल, याची भीती होती.

फॉर्म मिटून उठले, तर ही दारात.

"आक्का, त्यातलं मला बी इचारा की."

"तुला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "लेकराला घे आधी, कवाचं रडतंय."

तिनं गुमान लेकराला घेतलं. जीभ का झडली नाही माझी तेव्हा!

पुढच्या आठवड्यात माहेरी जाते म्हणून ती सकाळीच निघाली. मी नेहमीसारखी घरं फिरत होते. एका म्हातारीच्या ओट्यावर बसून तिला सांगत होते, असल्या आजारात घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं म्हणून. तेवढ्यात मोबाईल वाजला. भोरच्या दवाखान्यातल्या सिस्टर होत्या.

"ताई, तुमच्या गावची बाई आलीय, तान्ह्या लेकराला घेऊन. एसटी बदलत एकटीच आलीय. हातातल्या पत्रकावर नुसतं 'आशाताई' नि तुमचा नंबर दिसला. दोनदा विहिरीपर्यंत जाऊन माघारी आले म्हणते. डॉक्टर तिला एकटीला सोडायचं नाही म्हणतात. घरी कोण आहे विचारलं, तर 'कुणी न्हाई' म्हणते."

मग त्यांनी नाव सांगितलं. माझंच आडनाव. म्हातारीचा फॉर्म तसाच ओट्यावर ठेवला.

"ओळखता का तुम्ही तिच्या घरच्यांना?"

"व्हय," मी म्हणाले. "येते मी. लगेच निघते."

"अहो, तुम्ही कशाला धावपळ करताय ताई?" सिस्टर म्हणाल्या. "तिच्या घरचं कुणीतरी पाठवा."