धार कुणाच्या हातची

अपघाताच्या दाव्यात वकिलाचं निम्मं काम म्हणजे कागद गोळा करणं. पंचनामा, दवाखान्याची बिलं, अपंगत्वाचा दाखला. शाहूपुरीतल्या ऑफिसात हे इतक्यांदा केलंय की अर्ज लिहिताना डोकं लागत नाही. राधानगरीकडच्या मावशींचा अर्जही तसाच लिहिला. डेअरीला दूध घालून परतताना त्यांना कारनं उडवलं होतं. उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली होती. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं, गृहिणी.

वाचून दाखवलं तशा मावशी म्हणाल्या, "चार म्हशींची धार मी काढत हुतो की, मॅडम. ते कुठं लिवलंय?"

"डेअरीचं दूध मांडायचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या मालकांच्या. बाईमाणसाच्या नावावर कुठं असतंय?"

मला स्वतःचाच राग आला. माझ्या आईनं जन्मभर धारा काढल्या आणि शाळेच्या फॉर्मवर तिच्या नावापुढं मीच गृहिणी लिहायचे. कायदा शिकून मी दुसरं काय केलं होतं?

अर्ज दुरुस्त केला, पण पुरावा हवा होता. म्हशीची साक्ष कोर्टात चालत नाही. मग दूध संस्थेकडून वर्षभराचा उतारा मागवला. नाव नवऱ्याचंच, पण अपघाताच्या दिवसापासून दूध निम्म्यावर आलेलं. मावशींच्या जागी नवरा धारेला बसत होता आणि म्हशी त्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हत्या.

उलटतपासात विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "म्हशी तुमच्या नावावर आहेत?"

"न्हाईत."

"मग तुमचं नुकसान कसलं?"

मावशींनी तो हात पुढं धरला. "तुमी एकदा धारंला बसून बघा, पावणं. लाथ खाऊन यासा."

कोर्ट हसलं. मी हसले नाही, निकाल अजून लागायचा होता.

निकालात स्पष्ट लिहिलं होतं की अर्जदार बाई दुग्धव्यवसाय करत होत्या. मावशींनी ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. शेजारी नवरा मान खाली घालून बसला होता.

"पुस्तक तुझ्या नावावर करून घेतो," तो म्हणाला.

मावशींनी डाव्या हातानं कागद पिशवीत घातला.

"आता व्हय? आता धारा तुमी काढतायसा की."