फक्त मामांना दिसत होतं

बिराजीमामा गेल्याचं मला दुकानात कळलं. पेंडीचं पोतं उचलता उचलता तेलगावचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "ते मेंढरंवाले मामा वारले की. सकाळी मेंढरं सोडताना पडले, ते उठलेच न्हाईत." खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली... मामांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

आम्ही सिरसाळ्याच्या तिघांनी गुराढोरांविषयी चर्चेचं एक संकेतस्थळ काढलंय. कुणी प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. पटलं तर अंगठा वर, नाही पटलं तर खाली. मामाही तिथं उत्तरं द्यायचे. ते फोनमध्ये बोलायचे, फोन लिहून घ्यायचा, आणि मेंढराला घातलेली हाळीसुद्धा उत्तरात उमटायची. लोक हसायचे, पण औषध मामांचंच करायचे.

नियम मी केले. पाच अंगठे खाली गेले की उत्तर झाकलं जायचं. अशी तीन उत्तरं झाकली गेली, की पुढे तो माणूस जे लिहील ते फक्त त्यालाच दिसायचं. शिवीगाळ करणाऱ्याला कळूही न देता गप्प करायची ही युक्ती माझीच, आणि तिचा मला केवढा तोरा!

मग एका बड्या बागायतदारानं, ज्याला सगळा तालुका आबा म्हणतो, आपल्या गाई ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत चरतानाचा फोटो टाकला. मामांनी खाली लिहिलं, "आबा, जनावरं बाहेर काढा. किराळ लागंल, बघता बघता मरतील." कापलेल्या ज्वारीचे फुटवे विषारी असतात, हे मला पेंडवाल्याला ठाऊक नव्हतं थोडंच? पण आबांना चारचौघांत टोकलेलं आबांच्या मागं फिरणाऱ्या पोरांना खपेना. गावात ती पोरं ज्या एकीनं मतं टाकतात, त्याच एकीनं अंगठे खाली गेले. त्यात आबांच्या गाई निभावल्या, मग तर पोरांना जोरच आला. मामांनी तीनदा बजावलं, तिन्ही वेळा झाकलं गेलं. एक बटण दाबून मी ते उघडू शकत होतो. नाही उघडलं. आबांच्या गोठ्याला पेंड माझ्याकडून जाते. वर स्वतःला सांगत राहिलो, नियम सगळ्यांना सारखा. कसला सारखा, डोंबलाचा!

मामा लिहीतच राहिले. त्यांच्या फोनवर त्यांचं सगळं जागच्या जागी दिसत होतं. शेवटचे भेटले ते बाजारात. फोन माझ्यापुढं धरून म्हणाले, "अण्णा, लई दिस झाले, कुणी उत्तरच देईना. माझं लिवलेलं दिसतंय ना समद्यांला?"

"दिसतंय की, मामा."

"मंग कावून बोलंनात? माझं काई चुकलं का?"

"कामाचे दिवस आहेत. वाचतात सगळे."

"वाचत्यात ना, मंग झालं," म्हणाले, आणि वर मलाच चहा पाजला. तो चहा मी प्यायलो, याची अजून लाज वाटते.

मामा गेल्याचं कळलं त्याच दुपारी मी बंदी उठवली. त्यांची सगळी उत्तरं एकदम उघडी झाली. मेलेल्या माणसाला न्याय देऊन मोकळा झालो.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. देवळीत मामांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. मामी म्हणाल्या, "रोज लावते. उत्तर येईल, फोन बंद पडू देऊ नको म्हणायचे... आता लई वाजाया लागलाय. मला वाचता येत न्हाई. तुमी वाचा की अण्णा, काय म्हणत्यात लोकं?"

मी फोन हातात घेतला. सगळ्यात वर कुणा अनोळखी शेतकऱ्यानं लिहिलं होतं, "मामा, किराळीचं आज वाचलं. मागच्या महिन्यात आमच्या दोन गाई गेल्या. आधी कावून न्हाई सांगितलं?"

मी तेच मोठ्यानं वाचलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मामी म्हणाल्या, "पण ह्यांनी तर सांगितलं हुतं. हितंच ओट्यावर बसून, माझ्यासमोर. तुमच्यापातूर पोचलं न्हाई का, अण्णा?"

"पोचलं होतं, मामी," मी म्हणालो.