मिरेल्लाचं गाणं आणि श्रीखंडाची रांग

आमच्या इथल्या मराठी मंडळावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. कारण पद्मिनी.

पद्मिनी नागपूरची, गळा चांगला तयार. नवऱ्याच्या, श्रीरामच्या नोकरीपायी ती जर्सी सिटीला आली आणि तिच्या व्हिसावर कामाची परवानगी नाही म्हणून घरात बसून राहिली. दोन हजार चारच्या थंडीत बिल्डिंगच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला शेजारची तेरेसा भेटली. ऐंशीच्या घरातली इटालियन बाई, कपडे वाळेपर्यंत कॅसेट लावून बसायची. गाणारी मिरेल्ला, चाळीसेक वर्षांपूर्वी तिकडे इटलीत घराघरांत लाडकी. पद्मिनीला शब्द एक कळेना, पण मशीन थांबलं तरी ती उठेना. मला फोन करून म्हणाली, "मालिनी, काय अलगद सुरावर टेकते गं ही बाई! आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही यार?"

मग तिला दुसरं काही सुचेना. तेरेसाकडून शब्द घोकून घेतले, माझ्या पेटीवर सूर शोधले. गुढीपाडवा झाला की तेरेसा कायमची मुलाकडे ॲरिझोनाला जाणार होती. "त्याआधी एकदा हे गाणं स्टेजवर कुणीतरी गाताना ऐकायचंय," एवढंच तिनं मागितलं. पद्मिनीनं शब्द दिला.

आणि आमचे अध्यक्ष प्रल्हादकाका? "अगं, इटालियन कशाला? आपलं कल्चर प्रिझर्व्ह करायला मंडळ आहे." त्यांच्या नातीचा हिंदी रिमिक्सवरचा डान्स मात्र कल्चर! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी तिथल्या तिथे भांडले. शेवटी उपकार केल्यासारखा एक स्लॉट मिळाला, जेवणाच्या तोंडावरचा.

पाडव्याच्या कार्यक्रमाला एडिसनच्या हॉलमध्ये तेरेसा मोत्यांची माळ घालून पहिल्या रांगेत बसली होती. पद्मिनीनं सूर लावला आणि काकांनी दुसऱ्या माईकवरून पुकारलं, "जेवण रेडी आहे, रांगेनं या!" झालं! धडाधड खुर्च्या सरकल्या. ध्रुवपद संपेपर्यंत समोर एकटी तेरेसा, आणि मागे श्रीखंड कुणाला कमी वाढलं यावरून गलका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटी सोडून काकांना जाब विचारावा असं वाटलं, पण पद्मिनी थांबेना. तेरेसाकडे बघत ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. इतकं सुंदर ती पूर्वी कधी गायली नव्हती. तेरेसाचे ओठ हलत होते, गालांवरून पाणी ओघळत होतं.

गाणं संपलं. तेरेसानं जोरात टाळ्या वाजवल्या. मग एकदम थांबली, मागे वळून पाहिलं, आणि ओशाळून मला विचारलं, "तुमच्यात गाण्यानंतर टाळ्या वाजवत नाहीत का? माझं काही चुकलं का?"

हॉलभर चमचे वाजत होते.

"नाही," मी दात आवळून म्हटलं. "गाणं फारच आवडलं की आम्ही गप्प राहतो."

तिनं लगेच दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती गप्प बसून राहिली.