ठिणगी जरा आधीच पडली

माझ्या साडूची स्कूटर एका किकमध्ये सुरू होते. माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठं दुःख नाही.

साडू म्हणजे विश्वासराव. ते वारज्याला राहतात, आम्ही सदाशिव पेठेत. आजच्या बटणाच्या जमान्यात दोघांनीही जुन्या, चार गिअरच्या स्कूटर हट्टाने सांभाळल्यात. त्यांची एका किकमध्ये बोलते. माझी मात्र मला घामाघूम केल्याशिवाय हूं की चूं करत नाही. "भाऊजी बघा, सगळं कसं नीट ठेवतात," असं आमची सौ. येता-जाता ऐकवते. (सगळं म्हणजे स्कूटर, केस आणि पोट.)

एका रविवारी दोन्ही जोडप्यांनी खडकवासल्याला कणसं खायला जायचं ठरलं. आदल्या दिवशी विश्वासरावांचा फोन. तुमचं टायमिंग चुकलं असेल, येऊन लावून देऊ का, असं त्यांनी विचारलं. इतक्या गोडीने विचारलं की मला मिरची लागली. मी म्हटलं, काही गरज नाही, आमचं आम्ही बघू.

टायमिंग लावणं म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडावी हे ठरवणं. आत एक प्लेट असते, ती सूतभर इकडेतिकडे सरकवायची. मी विचार केला, ठिणगी लवकर पडली तर गाडीही लवकर सुरू होणार. मग कंजुषी कशाला? प्लेट जाईल तितकी सरकवली आणि स्क्रू आवळले. (सदाशिव पेठेत राहून हात इतका सैल मी पहिल्यांदाच सोडला.)

सकाळी विश्वासराव सपत्नीक हजर झाले. आपली चकचकीत स्कूटर त्यांनी नेमकी माझ्या स्कूटरच्या मागे लावली. सौ. आणि मेहुणी बघत उभ्या राहिल्या. मी किक मारली. किकनेही मला उलट अशी मारली की नडगीत कळ गेली, पण इंजिन सुरू झालं! एका किकमध्ये! मी ऐटीत बसलो, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. स्कूटर मागे निघाली.

"अहो, पुढे जायचंय," सौ. म्हणाली.

मला वाटलं, जोर कमी पडतोय. मी रेस वाढवली. स्कूटर दुप्पट वेगाने मागे गेली आणि विश्वासरावांची स्कूटर आडवी करूनच थांबली. ठिणगी इतकी आधी पडत होती की इंजिन चक्क उलटं फिरत होतं. खरं सांगतो, त्यांची स्कूटर लोळलेली पाहून मला क्षणभर फार बरं वाटलं. त्यांनी ती उचलली, धूळ झटकली, एक किक मारली. सुरू!

मग माझ्याकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "वसंतराव, मोटारीला रिव्हर्स गिअर एकच असतो. तुमच्याकडे चार आहेत."

सौ. हसली. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या विनोदांना ती लग्नानंतर एकदाही अशी हसलेली नाही.

टायमिंग शेवटी विश्वासरावांनीच लावून दिलं. आता माझीही स्कूटर एका किकमध्ये सुरू होते, पण माझी जळजळ काही थांबत नाही. स्कूटर माझी, गाढवपणा माझा, सुजलेली नडगीसुद्धा माझी. आणि ते वाक्य मात्र त्यांना सुचावं?